पावणेपाचची गाडी

2023 च्या मे महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झालो. त्याआधीच्या आठवड्यात स्टाफरूममधलं जुनं लोखंडी कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडं आलं. इतिहासाचा माणूस म्हटल्यावर जुनी रद्दी त्याच्याच वाट्याला यायची, अशी आमच्या कॉलेजात रीतच होती. कपाटाच्या तळाशी सुतळीनं बांधलेल्या कार्डशीटच्या गुंडाळ्या निघाल्या. शिपाईमामा म्हणाले, "सर, ही टाइमटेबलं हायती. वर्ष सरलं की बोर्डावरनं काढून हितं टाकायची. वाळवी लागलीया. पेटवून देऊ का?"

मी म्हटलं, "थांबा मामा. बघू तरी."

सुतळी सोडली. सर्वांत जुना कागद 1971-72 चा होता. शाईच्या पेनानं आखलेला, अक्षर मोत्यासारखं. दुष्काळाच्या तोंडावरचं ते साल. पुढच्याच वर्षी आमच्या माण-खटाव पट्ट्यात खडी फोडायच्या कामावर अख्खी गावं उतरली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पण या कागदावर दुष्काळाची खूण नव्हती. त्यावर सोमवार ते शनिवार होते, पहिला तास ते सातवा तास होते, इंग्रजी होतं, अर्थशास्त्र होतं. वेळापत्रक फार सभ्य दिसतं. आडव्या-उभ्या रेघा, सगळे चौकोन सारख्या मापाचे. आत कुणाला किती जागा आहे, हे त्या चौकोनावरून कळत नाही.

दुपारभर मी ते कागद फरशीवर पसरून बघत बसलो. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो, की राजाचं फर्मान जसं साधन, तशीच वाण्याची चोपडीही साधन. आणि ज्या कागदानं माझं आयुष्य एका रुळावरून दुसऱ्या रुळावर ढकललं, तो कधी साधन म्हणून वाचला नव्हता. 1979-80 ची गुंडाळी हातात आली तेव्हा हात जरा थरथरला, हे कबूल करतो.

1979 साली मी दहावी झालो. गणितात आणि शास्त्रात चांगले गुण होते. गावातले गुरुजी घरी येऊन आबांना म्हणाले, "पोराला सायन्सला घाला." आबांना सायन्स म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण गुरुजी म्हणतात म्हणजे बरंच असणार. तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला माझं नाव घातलं. आमच्या वाडीपासून तालुका बावीस किलोमीटर. दिवसातून दोन गाड्या. सकाळी एक जायची, आणि तालुक्याहून परतीची शेवटची पावणेपाचला सुटायची. मुक्कामी गाडी तेव्हा आमच्याकडं नव्हती. ती पुढं खूप वर्षांनी, अर्जांवर अर्ज गेल्यावर सुरू झाली.

प्रयोगशाळा एकच होती. त्यामुळं प्रात्यक्षिकाच्या दोन बॅचेस केलेल्या. अ बॅच सकाळी अकरा ते एक, ब बॅच दुपारी तीन ते पाच. मी ब बॅचमध्ये. आठवड्यातून तीन दिवस प्रात्यक्षिक, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस पावणेपाचची गाडी माझ्याविना जायची.

पहिले काही दिवस मी साडेचारला टेस्टट्यूब धुऊन जागेवर ठेवायचो आणि पळत सुटायचो. मग सरांनी हटकलं. "प्रयोग अर्धा टाकून जायचं असलं तर येऊच नकोस." खरं होतं त्यांचंही. मग मी पाचपर्यंत थांबायला लागलो आणि हमरस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्या गाडीनं फाट्यावर उतरून पुढं चालत जायला लागलो. फाट्यापासून वाडी सात किलोमीटर. उन्हाळ्याच्या दिवसांत ते काही अवघड नव्हतं. पण दिवस लहान होत गेले. सप्टेंबरात एका रात्री पावसानं ओढा भरून आला. मी अलीकडं उभा, आणि पलीकडं आई कंदील घेऊन उभी. पाणी उतरेपर्यंत तास-दीड तास दोघं तसेच उभे होतो. बोललेलं ऐकू जात नव्हतं. ती मधून मधून कंदील वर करून हलवायची, मी ओरडायचो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो आणि ज्या सरांकडं टाइमटेबल होतं त्यांना भेटलो. म्हटलं, "सर, मला अ बॅच द्या." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बॅच बदलता येत नाही. एकासाठी नियम वाकवला तर सगळे येतील." आवाजात राग नव्हता. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी चिडता आलं असतं.

मी समजलो, अ बॅच हुशार पोरांची. तालुक्यातली पोरं होती त्यात, डॉक्टरांचा मुलगा, मामलेदार कचेरीतल्या भाऊसाहेबांचा मुलगा, पेठेतली दोघं-तिघं. पांढरे शर्ट, इंग्रजी बरं. मला वाटलं, गुण बघूनच लावली असेल.

दिवाळीनंतर मी आर्ट्सला बदलून घेतलं. आर्ट्सचे तास तीनला संपायचे. आबा म्हणाले, "आट्स तर आट्स. शाळा सोडू नगं म्हंजे झालं." असा मी इतिहासाकडं आलो. लोक विचारतात, सर, तुम्हाला इतिहासाची गोडी कशी लागली? मी काहीबाही सांगतो. खरं उत्तर पावणेपाचची गाडी हे आहे. गोडी नंतर लागली, लग्नानंतर लागावी तशी.

पुढं एमए केलं, आणि 1988 साली त्याच कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो.

शिकवता शिकवता एक गोष्ट ध्यानात येत गेली. आपल्याकडं शिक्षणाचा विस्तार ज्यांनी केला, त्यांनी पाटी-पुस्तकाइतकाच घड्याळाचा विचार केला होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा उघडी असून बंदच, हे त्यांना दिसलं होतं. बाबासाहेबांनी 1946 च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तिथं सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या पोराला पदवी घेता यावी म्हणून. आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी 1947 साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि 'कमवा आणि शिका' ही नुसती घोषणा ठेवली नाही. शिकणाऱ्यानं काम करायचं, तर कामाला दिवसात जागा काढावी लागते. या सगळ्यांनीही आधी माणसाचा दिवस पाहिला आणि मग तास लावले. आम्ही नंतरच्यांनी कॉलेजं गावोगाव नेली, इमारती बांधल्या, पण तास आधी लावले आणि माणसाला म्हटलं, आता तू बसव स्वतःला यात.

घड्याळावरून भांडण होतं हे काही नवं नाही. 1 जानेवारी 1906 पासून सरकारनं सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागं होती. त्याच महिन्यात नव्या वेळेला विरोध म्हणून मुंबईत गिरणी कामगार कामावरून बाहेर पडले. घड्याळ पुढं केलं म्हणजे अंधारात उठून गिरणी गाठायची. मालकाला ती एकोणचाळीस मिनिटं म्हणजे आकडा, कामगाराला ती झोप. मुंबईनं आपली जुनी वेळ पुढं कित्येक वर्षं सोडली नाही. हा प्रसंग मी वर्गात रंगवून सांगायचो. पोरं हसायची. मीही हसायचो. आणि त्याच वेळी माझ्या हातून काय चाललं होतं ते सांगतो.

1999 साली प्राचार्यांनी मला वेळापत्रक समितीचा प्रमुख केलं. बाहेरच्याला वाटतं, टाइमटेबल म्हणजे चौकोन भरायचा खेळ. तसं नसतं. नियमानं सहायक प्राध्यापकानं आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं. आमची तासिका 48 मिनिटांची, म्हणजे आठवड्याला वीस तासिका. खोल्या मोजक्या. एका खोलीत एका वेळी दोन वर्ग नकोत, एका शिक्षकाचे एका वेळी दोन तास नकोत, आणि ज्या पोरानं इतिहासाबरोबर राज्यशास्त्र घेतलंय त्याचे दोन्ही तास एकावर एक नकोत. एवढं जमलं की टाइमटेबल झालं म्हणायचं. लिहिलेले नियम एवढेच.

न लिहिलेले नियम त्याहून जास्त. ज्येष्ठ प्राध्यापकांना पहिला आणि शेवटचा तास द्यायचा नाही. साताऱ्याहून अपडाऊन करणाऱ्यांना शनिवारी दुपारी गाडी सापडली पाहिजे. अमक्यांचे दोन तास लागून नकोत, घसा धरतो. तमक्यांचा सोमवार हलका ठेवा, रविवारी शेतावर जातात. हे सगळं चहाच्या टपरीवर, खांद्यावर हात टाकून सांगितलं जायचं. जो सांगू शकत होता त्याचं टाइमटेबल चांगलं व्हायचं. जो सांगू शकत नव्हता, तो उरलेल्या चौकोनांत जायचा.

मी नवीन होतो, उत्साही होतो. मी मोठा बदल केला. अकराचं कॉलेज सकाळचं केलं. सात-चाळीसला पहिला तास, मधे वीस मिनिटांची सुट्टी, बारा-अठ्ठेचाळीसला सहावा तास संपला की घंटा. मला अभिमान वाटला होता. कुठल्याही पोराची संध्याकाळची गाडी आता चुकणार नाही, माझ्यासारखं कुणाचं होणार नाही. दुपारी दुकानात, गॅरेजवर काम करणाऱ्या पोरांना ते खरोखर सोयीचं झालं. आणि आम्हा प्राध्यापकांना तर फारच. दुपार मोकळी. मी माझे इतिहासाचे बरेच तास सकाळी पहिल्यालाच लावून घेतले. म्हटलं, दहा वाजता मोकळं व्हावं.

2003 सालच्या जुलैत टीवाय बीएची एक मुलगी माझ्याकडं अर्ज घेऊन आली. इतिहास स्पेशल घेतलेली. गाव डोंगराच्या पायथ्याला, तिथं मुक्कामी गाडी नव्हती. पहिली गाडी सव्वासातला निघायची आणि सव्वाआठला स्टँडवर यायची. कॉलेजात पोचेपर्यंत आठ-पंचवीस. पहिला तास आठ-अठ्ठावीसला संपायचा. म्हणजे ती रोज माझा तास संपता संपता दारात उभी. अर्जात लिहिलं होतं, सरांनी कृपा करून स्पेशलचा तास दुसरा करावा.

मी अर्जावर लाल पेनानं शेरा मारला, "एका विद्यार्थिनीसाठी वेळापत्रक बदलता येणार नाही." खाली सही, तारीख.

फेब्रुवारीत हजेरीचा हिशेब लागला. नियम 75 टक्क्यांचा. बाकीच्या विषयांत ती भरत होती. माझ्या विषयात नव्हती. मी तिच्या परीक्षा फॉर्मवर सही केली नाही. शिस्त म्हणजे शिस्त, असं म्हणालो असेन. नक्की शब्द आठवत नाहीत, आणि आठवत नाहीत हेच जास्त वाईट वाटतं.

तिची आई आली. लुगडं धुवट, पायांत चपला बहुतेक दुसऱ्या कुणाच्या, मोठ्या होत्या. स्टाफरूमच्या दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "सर, चार वाजता उठती पोरगी. पाणी आणती, धार काढती, मग गाडीला पळती. यष्टीच न्हाई तर तिनं यावं कशानं? तुमीच सांगा."

मी म्हटलं, "बाई, नियम सगळ्यांना सारखा आहे."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नियम सारखा आसंल सर. गाडी सारखी न्हाई."

त्या वर्षी तिची परीक्षा बुडाली. मेमध्ये लग्न झालं. पुढच्या वर्षी परीक्षेला बसेल असं सासरचे म्हणाले होते म्हणे. ती बसली नाही. माझ्याकडून एवढंच नोंदवता येतं.

त्या उन्हाळ्यात कधीतरी, झोप लागत नव्हती तेव्हा, माझ्या शेऱ्यातलं वाक्य मला ओळखीचं वाटायला लागलं. एकासाठी नियम वाकवता येत नाही. चष्म्यावरून पाहणारे ते सर आठवले. त्यांच्या जागी मी बसलो होतो, आणि त्यांच्यासारखाच मीही वाईट माणूस नव्हतो.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट नजरेला आली. आमच्याकडं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणारा एक तरुण होता. एमए, नेट झालेला. कायम जागा निघत नाहीत म्हणून तासावर पैसे. जेवढे तास घेतले तेवढेच, तेही कधी वर्षाअखेरीस एकदम हातात. ज्येष्ठांना नको असलेले पहिला आणि सहावा हे तास त्याच्या वाट्याला होते. आठ-अठ्ठावीसला तो मोकळा व्हायचा आणि थेट बाराला वर्गात. मधले साडेतीन तास तो लायब्ररीच्या पायरीवर बसलेला दिसायचा. मी समजायचो, वाचनाची आवड आहे. एक दिवस विचारलं, "घरी का जात नाहीस मधल्या वेळात?" तो म्हणाला, "सर, जाऊन परत यायला पस्तीस रुपयांचं पेट्रोल लागतं." दुसऱ्या एका कॉलेजात त्याला तास मिळत होते, पण ते दहा ते बारा या वेळेत होते. माझ्या दोन चौकोनांच्या मधे. थोडक्यात, आम्ही त्याला पैसे दोन तासांचे देत होतो आणि घेत होतो सबंध सकाळ.

2005 च्या जूनमध्ये टाइमटेबल करण्याआधी मी एक वही घातली. तिला नाव दिलं, 'थांबण्याचा हिशेब'. एसटी स्टँडवर जाऊन कंट्रोलरच्या खिडकीशी बसलो आणि आमची पोरं ज्या ज्या गावांहून येतात त्यांच्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या. मग एकेका गावच्या पोराचा दिवस मांडला. कधी निघतो, कधी पोचतो, किती शिकतो, किती थांबतो.

पेठेतल्या पोराचं थांबणं शून्य. त्या डोंगराकडच्या गावाची परतीची गाडी दुपारी तीनला होती. बारा-अठ्ठेचाळीस ते तीन, म्हणजे रोजचे दोन तास बारा मिनिटं. सहा दिवसांचे तेरा तासांच्या वर. आम्ही प्राध्यापक आठवड्याला शिकवतो सोळा तास, आणि एक पोरगी स्टँडच्या बाकावर थांबते तेरा. त्या थांबण्याला ना हजेरी, ना गुण, ना पगार. मुलींसाठी तर तिथं धड स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. बाजाराच्या दिवशी स्टँडवर काय गर्दी आणि कसली माणसं असतात हे आम्हाला माहीत होतं, पण ते टाइमटेबलमध्ये येतं हे माहीत नव्हतं.

कॉलेज पुन्हा अकराचं करावं का? मग दुकानात काम करणारी पोरं मरत होती. सगळ्यांना सोयीची अशी एक वेळ या जगात नाही, हे वही घातल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं. तेव्हा वेळ तीच ठेवली आणि चौकोन हलवले. पहिल्या तासाला सक्तीचा पेपर ठेवायचा नाही. तिथं एनएसएस, खेळ, वाचन, कच्च्या पोरांचं इंग्रजी. स्पेशलचे पेपर दुसऱ्या ते चौथ्या तासात. शेवटचा तास हजेरीच्या हिशेबातून सोडून दिला, म्हणजे ज्यांची साडेबाराची गाडी आहे त्यांनी जावं. सीएचबीवाल्यांचे तास लागोपाठ. आणि नको असलेला पहिला-शेवटचा तास ज्येष्ठतेनं नव्हे तर पाळीनं, दर सत्राला बदलून. नुकतंच बाळंतपण झालेल्या एका मॅडमना पाचच्या ऐवजी आठला घर सोडता आलं. त्यांनी ते कधी मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

स्टाफ मीटिंग तापली. पाळीची गोष्ट निघाली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पंचवीस वर्षं नोकरी केल्यावर तेवढी सवलत नाही का आम्हाला?" त्यांचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही, अजूनही येत नाही. त्यांनीही उमेदीच्या काळात सगळे नकोसे तास घेतले होते. त्यांना वाटत होतं, आता आपली पाळी सरली. दुसरे एक म्हणाले, "सर, तुम्ही टाइमटेबल करताय का समाजसेवा?" हशा झाला. प्राचार्यांनी मात्र वहीची पानं उलटली, त्या तेरा तासांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एक वर्ष करून बघा."

एक वर्षाची सहा वर्षं झाली. चमत्कार काही झाला नाही. काही पोरी टिकल्या, काही तरीही गळाल्या, कारण गळतीला गाडी एकच कारण नसतं. पण हजेरीवरून फॉर्म अडवायची वेळ माझ्या विषयात परत आली नाही. तो सीएचबीवाला तरुण दहाला सुटून दुसऱ्या कॉलेजात जायला लागला. लायब्ररीची पायरी मोकळी झाली.

मग समिती बदलली. संगणक आला. टाइमटेबल त्याच्यावर व्हायला लागलं. नावं, विषय, खोल्या भरायच्या, बटण दाबायचं. एकावर एक तास येत नाहीत, काम मिनिटांत होतं, आणि कुणी वशिला लावला असं कुणाला म्हणता येत नाही. मला त्याचं कौतुकच वाटलं. फक्त त्यात एसटीचा रकाना नव्हता. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर यंत्र देत नाही. पहिला तास पुन्हा सक्तीच्या पेपरांनी भरला, आणि सीएचबीवाल्यांचे तास पुन्हा आठवडाभर शिंपडल्यासारखे पसरले.

2021 च्या 20 ऑक्टोबरला कोरोनानंतर कॉलेजं उघडली. आठवड्याभरात एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. बोर्डावर नवंकोरं टाइमटेबल लावलेलं, आणि वर्गात पेठेतली आठ-दहा पोरं. बाकीची वाडी-वस्तीवर. त्या महिन्यांत आमच्या तरुण सहकाऱ्यांनाही पहिल्यांदा दिसलं, की आपलं खरं वेळापत्रक डेपोत लागतं आणि आपण फक्त त्याची नक्कल करतो, तीसुद्धा न बघता.

आता पुन्हा त्या गुंडाळीकडं येतो. 1979-80 च्या कागदावर अकरावी सायन्सचा चौकोन होता. बॅच अ, हजेरी क्रमांक 1 ते 30. बॅच ब, 31 पासून पुढं. क्रमांकाप्रमाणं बॅच, गुणांप्रमाणं नव्हे. मी ऑफिसात गेलो आणि त्या सालचं प्रवेश रजिस्टर काढायला लावलं. क्रमांक प्रवेशाच्या क्रमानं दिले होते. पहिल्या दिवशी ज्यांनी फी भरली ते वर. माझा क्रमांक 34. प्रवेशाची तारीख बघितली. पहिल्या दिवसानंतरचा चौथा दिवस.

ते चार दिवस मला आठवतात. आबा शेळी विकायला बाजाराच्या दिवसाची वाट बघत होते.

चव्वेचाळीस वर्षं मी समजत होतो, की अ बॅच हुशार पोरांची होती. ती फक्त आधी पोचलेल्यांची होती. जो आधी येईल त्याला आधी, याहून निर्मळ नियम कुठला? त्या सरांनी कुणाचंही नाव बघून बॅच लावली नव्हती. तरी ज्यांच्या घरापासून कॉलेज चालत दहा मिनिटांवर होतं, ते सगळे सकाळच्या बॅचला आले, आणि ज्यांना पावणेपाचची गाडी गाठायची होती ते सगळे दुपारच्या. कुणीही अन्याय केला नाही आणि अन्याय झाला. मी पुढं तेच केलं. म्हणून वेळापत्रक न्यायाचं आहे का, हे नियम वाचून ठरवता येत नाही असं माझं मत झालंय. ते तास सुटल्यावर स्टँडवर जाऊन, बाकावर कोण बसलंय ते बघून ठरवावं लागतं.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये समितीची नवी प्रमुख आली. तरुण आहे, स्वतः सात वर्षं सीएचबीवर काढून गेल्या साली कायम झालेली. नवीन शैक्षणिक धोरण येऊ घातलं होतं, विषयांच्या निवडी वाढणार होत्या, म्हणजे पोरांच्या दिवसात आणखी फटी पडणार होत्या, आणि ती त्याच काळजीत होती. फरशीवरचा पसारा बघून म्हणाली, "सर, हे कशाला काढलंय?" मी तिला 'थांबण्याचा हिशेब' काढून दिली. तिनं उभ्या उभ्या दोन पानं वाचली, मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "यातल्या गाड्यांच्या वेळा आता जुन्या झाल्या असतील."

"सगळ्याच," मी म्हटलं.

तिनं घड्याळ बघितलं. "कंट्रोलर किती वाजेपर्यंत असतो खिडकीवर?"

शिपाईमामा दारात उभे होते. बाकीच्या गुंडाळ्या त्यांनी परत सुतळीनं बांधल्या आणि कपाटात ठेवल्या, तळाशी नाही, वरच्या फळीवर. आम्ही दोघं स्टँडकडं निघालो. उन्हं कलली होती. फलाटावर माझ्या गावाकडची गाडी लागली होती आणि तिच्या सावलीत चार-पाच पोरी दप्तरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवी वही विकत घ्यायची राहिली होती, म्हणून पहिल्या गावाचं नाव आणि वेळ तिनं हातावरच लिहून घेतली.